बीट सोडून फेलोशिपला जाऊ का, असं विचारलंस म्हणून

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला झोपेत उत्तर देण्यात अर्थ नव्हता. अंगणवाड्यांच्या एका बीटची, म्हणजे एका गटाची, पर्यवेक्षिका म्हणून जॉइन होऊन वर्षसुद्धा झालं नाही, रजिस्टरं तपासण्यात आणि माहिती गोळा करण्यात दिवस जातोय, त्यापेक्षा शहरातली ती लीडरशिप फेलोशिप करून बालशिक्षणाच्या पॉलिसीवर काम करावं का, हाच प्रश्न ना? माझं म्हणणं, आत्ता नको. फेलोशिप वाईट आहे म्हणून नाही, तर तू बसलीयस ती पॉलिसीचीच जागा आहे म्हणून. जॉइनिंगच्या दिवशी हे कुणी सांगत नाही, चाव्या आणि फाइली हातात देतात आणि पळतात.

बघ ना, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला, २०२२ ला त्याचा आराखडा आला, २०२४ ला केंद्राचा आधारशिला हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम आला, आपल्या राज्याचा आकार हा अभ्यासक्रम त्याच्या आधीपासून आहे, आणि सगळीकडे लिहिलंय एकच, खेळातून शिकवा. आणि अंगणवाडीत जाऊन बघ, पोरं पाटीवर अ गिरवतायत. सेविकेला कळत नाही असं नाही गं. पालक दारात उभं राहून म्हणतात, नाक्यावरच्या इंग्लिश मीडियममध्ये केजीतलं पोर एबीसीडी लिहितं आणि तुमच्याकडे नुसतं नाचतंय. यावर काय बोलायचं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही, ट्रेनिंगला पीपीटी झाली, चहा-बिस्किट झालं, हजेरीपटावर सह्या झाल्या, संपलं. ते जीआर आणि ती सेविका यांच्या मधे तू एकटी आहेस.

मग करायचं काय, तर दर आठवड्याला एका तरी अंगणवाडीत सकाळी पोरं यायच्या आधी जाऊन बसायचं आणि पोरं घरी जाईपर्यंत हलायचं नाही. खुर्चीवर नाही, सतरंजीवर, आणि त्या दिवशी रजिस्टर मागायचं नाही, मागितलंस की सगळं मुसळ केरात. समज सेविकेने चिंचोके, बाटल्यांची झाकणं, खडे असं सगळं एका टोपलीत ओतलंय आणि पोरं वेगवेगळं करतायत. एखादी पोरगी झाकणं रंगाने लावायची सोडून लहान-मोठी अशी रांग लावते, आणि सेविका म्हणते, असं नाही गं, लाल लाल एकीकडे ठेव. तिथे तोंड उघडू नकोस. पोरं गेल्यावर शांतपणे विचार, ताई, ती मघाशी झाकणांचं काय करत होती वाटतं तुम्हाला? बहुतेक जणी स्वतःच ओळखतात, अगबाई ती तर लहान-मोठं बघून लावत होती म्हणतात आणि हसतात. पुढच्या खेपेला ती सेविका पोरांना विचारते, तू कसं लावलंस मला सांग बरं. एवढंच हवंय. आणि हो, अहो-जाहोच कर, त्यातल्या कितीतरी तुझ्या आईच्या वयाच्या आहेत.

अशा विचारायला लागलेल्या दोन-तीन जणी सापडल्या की बीट मिटिंगचा अर्धा तास त्यांना दे, तू बोलू नकोस. सुरुवातीला लाजतील, मॅडम तुम्हीच सांगा म्हणतील, दे तरी. पालक मेळाव्यालाही त्यांनाच पुढे कर, आईबापांनाच ती टोपली घेऊन बसवू देत आणि यात पोराचं गणित कुठे आहे ते त्यांच्याच तोंडून निघू दे, तुझ्या भाषणाने काही व्हायचं नाही.

तू पालघर जिल्ह्यात आहेस म्हणून सांगते, कोसबाडला एकदा जाऊनच ये. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ काढला, १९४५ ला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेली, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे आज ज्याला आपण पायाभूत टप्पा म्हणतो तेच की. पण मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. अनुताई वाघ १९४५ लाच त्यांच्याबरोबर आल्या, पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून, आणि १९७३ ला ताराबाई गेल्यावर काम थांबलं नाही, अनुताईंनी पुढे चालवलं. एवढी वर्षं शेजारी राहून, पाड्यावर एकत्र फिरून तयार झालेलं माणूस होतं ते. पाच दिवसांच्या निवासी शिबिरातून असं कुणी तयार होत नाही, मी कितीही शिबिरं घेतली असली तरी!

आता तुझी तक्रार, की सेविकांना शिकवायला वेळच नाही. खरंय. पोषण ट्रॅकर अॅप, वजन-उंची, टीएचआर म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं वाटप, लसीकरणाचा दिवस, निवडणूक आली की ते, २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म. सगळं तुझ्या हातात नाही. पण पोरं बसलेली असतात त्या तासांमध्ये तुझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आणि माहिती मागायची नाही, हा नियम तू उद्यापासून करू शकतेस, कुणाची सही लागत नाही. प्रकल्प कार्यालयातून अर्जंट अर्जंट करून फोन येतीलच, तेव्हा दुपारी देते म्हणायला शिक. आभाळ कोसळत नाही.

आणि लिहायला लाग. दर तीन महिन्यांनी एक पान सीडीपीओंना, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, आवक नंबर घेऊन, म्हणजे फाइलला राहतं. त्यात अडचणी आहेत असं मोघम नको, अमुक पाड्यावर पोरं वारली भाषा बोलतात, सेविका बाहेरून आलेली, मदतनीस तिथलीच आहे तर गोष्ट सांगायचं काम मदतनीसला देऊन बघितलं, असं असं झालं, आता एवढं एवढं पाहिजे, असं लिही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते कुठे जातात ते ग्रामसभेत विचारायला सेविकेला बरोबर घेऊन जा, सरपंच तुझं ऐकणार नाही कदाचित, पण तिच्या मागे गावातल्या बायका असतात.

थोडा कायदाही वाच. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वर्षांच्या पोरांसाठी आहे, त्याखालच्या पोरांसाठी कलम ११ मध्ये राज्याने व्यवस्था करावी असं आहे पण बंधन नाही, सगळी ढिलाई तिथूनच येते. एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू आहे असा निकाल दिला, त्यात अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं हे मान्य केलंय आणि त्यासाठी याच कलम ११ चा आधार घेतलाय. तुझ्या सेविकांना हे माहीत असायला पाहिजे, खिचडी वाटणाऱ्या बाया म्हणून कुणी बोललं की त्यांना उत्तर देता येतं.

फेलोशिप दोन-तीन वर्षांनी कर ना, नको कोण म्हणतंय. तेव्हा तुझ्याकडे अशी दहा-बारा पानं असतील आणि तिथल्या हुशार पोरांना पाड्यावरचं काही विचारायचं असेल तर ते तुलाच विचारतील. तोवर पुढच्या बीट मिटिंगचा अजेंडा कच्चा का होईना मला पाठव, बघून सांगते. मिटिंग दुपारी ठेव, सकाळी ठेवलीस तर पोरांचं सत्र बुडतं, आणि पहिला विषय अहवाल ठेवू नकोस, तो ठेवला की दुसरा विषय येतच नाही.