पोपट नाही, गरुड आहे तो (आणि ब्रेड लावू नका प्लीज)

ताई, तुम्ही विचारलंत की या जुन्या छापील चित्रातली बाई कोण, ते ओरिजिनल आहे का, आणि कागदावरचे तपकिरी डाग ब्रेडने काढू का. सासूबाई म्हणतात ती पोपटाला पाजतेय, मिस्टर म्हणतात डायना आहे. आधी सासूबाईंच्या शंकेचं उत्तर देतो. इंग्लंडातल्या बाथ शहरातल्या चॅरिटी शॉपमधून १५ पौंडांना घेतलेल्या त्या अंडाकृती फ्रेममधली बाई पोपटाला पाजत नाहीये, तो गरुड आहे. सासूबाईंची चूक नाही म्हणा, या चित्रांमधले गरुड बरेचदा माजलेल्या कोंबडीसारखेच दिसतात, चोच तेवढी वाकडी.

आपण कसं वाहनावरून देव ओळखतो तसंच इथेही करायचं. डायना म्हणजे ग्रीकांची आर्टेमिस, तिच्याकडे धनुष्यबाण, कपाळावर चंद्रकोर, सोबत कुत्रं किंवा हरीण. मोर असेल तर हेरा, शिरस्त्राण आणि घुबड असेल तर अथेना, कबुतरं असतील तर अॅफ्रोडायटी. वाटी, सुरई आणि गरुड म्हटलं की ती हेबे, इंग्रज लोक हीबी म्हणतात. देवांचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हेरा यांची मुलगी, तारुण्याची देवता, देवांच्या पंगतीत अमृत वाढायचं काम तिच्याकडे. होमरच्या इलियड महाकाव्यात चौथ्या सर्गाच्या सुरुवातीलाच ती देवांचे पेले भरताना दिसते, पुढे हे काम गॅनिमीड नावाच्या तरुणाकडे गेलं आणि हिचं लग्न महावीर हेराक्लीसशी लागलं. गरुड म्हणजे बापाचा पक्षी. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचा डायनाचा अंदाज चुकला, पण फार लांबचा नाही, डायना हेबेची सावत्र बहीणच.

अजून एक गंमत म्हणजे ही देवी नसून एखादी खरीखुरी बाईसुद्धा असू शकते. १८ व्या शतकात इंग्लंडात श्रीमंत बायकांना हेबेच्या वेषात स्वतःचं पोर्ट्रेट काढून घ्यायची फॅशन होती. लंडनला केनवुड हाऊसमध्ये चित्रकार रेनॉल्ड्सने काढलेल्या मिसेस मस्टर्स आहेत, हेबे म्हणून उभ्या, सोबत गरुड, जाऊन बघा कधीतरी.

आता "ओरिजिनल आहे का". फ्रेम उघडू नका, आधी सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या आणि काचेवरूनच तिचा गाल बघा. तुम्ही सांगताय तो लालसर तपकिरी रंग आणि अंडाकृती आकार म्हणजे स्टिपल या प्रकाराची आठवण येते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने आणि दातेरी चाकाने हजारो ठिपके पाडायचे, त्यात शाई भरायची आणि प्रेसमधून काढायचं. लंडनमध्ये हे गाजवलं बार्तोलोझीने, फ्लोरेन्सचा माणूस, १७६४ साली लंडनला आला, १७६८ मध्ये रॉयल अॅकॅडमीच्या संस्थापकांत होता, १८०२ ला लिस्बनला निघून गेला. चित्रकार अँजेलिका काउफमनने काढलेल्या देव्या त्याने आणि त्याच्या शिष्यांनी इतक्या छापल्या की विचारू नका. आणि त्या इतक्या खपल्या म्हणूनच शंभर वर्षांनी त्यांच्या नकलाही भरमसाट निघाल्या, खरी गोची तिथे आहे.

कारण ठिपके दोन्हीकडे असतात! मी स्वतः यात फसलोय. नवशिका असताना एका अँटिक फेअरमध्ये ७० पौंड मोजले, विक्रेता म्हणाला अस्सल बार्तोलोझी, मी भिंगातून बघितलं, ठिपके दिसले, खूश होऊन घरी आलो. रात्री दिव्याखाली नीट बघतो तर ठिपके कसे, ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद टाकल्यासारखे सरळ रांगेत, फक्त कुठे जाड कुठे बारीक. म्हणजे हाफटोन, वर्तमानपत्रातला फोटो छापतात तसा, १८८० नंतरचा प्रकार. हातच्या स्टिपलचे ठिपके खसखस सांडल्यासारखे असतात, गालाच्या गोलाईबरोबर वळतात, सावलीत दाट होतात. ओठांवर लाल असेल तर तेही बघा, ठिपकेच लाल असतील तर रंगीत शाईने छापलंय, आणि लाल रंग ठिपक्यांच्या मधल्या जागेतही पसरला असेल तर नंतर ब्रशने लावलाय.

चौफेर पत्र्याचा दाब उमटलेला दिसला म्हणून नाचू नका, फोटोग्राव्ह्यूरलाही (फोटोवरून पत्र्यावर कोरून छापायची पद्धत) तो असतो आणि ते १८७९ नंतरचं.

खाली एक शब्दही नाही म्हणालात, त्याने घाबरू नका. १७३५ च्या कायद्यानंतर इंग्लंडात छापताना पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव घालायची पद्धत पडली, त्यामुळे खाली सहसा बारीक अक्षरात ओळ असते, डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा. पण अंडाकृती फ्रेमसाठी लोक कडा सरळ कात्रीने कापून टाकायचे, किंवा काळ्या-सोनेरी रंगवलेल्या काचेमागे ती ओळ झाकली जायची. तुमच्याकडे काचेला तशी काळी किनार असेल तर ओळ अजून आत असायची शक्यता आहे. आणि ती सापडली तरी तारीख पत्र्याची, कागदाची नाही, तोच पत्रा वर्षानुवर्षं वापरून झिजेपर्यंत छापायचे.

मागच्या लेबलवर दुकानाचा पत्ता आहे ना, तो नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या साइटवर शोधा, जुन्या ब्रिटिश फ्रेमवाल्यांची मोठी यादी आहे तिथे, कोण कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीत होता ते मिळतं. लेबलवर टेलिफोन नंबर असेल तर मात्र फ्रेम १८ व्या शतकातली नाही एवढं नक्की.

किमतीचं म्हणाल तर स्वप्नं नका बघू, खरी निघाली तरी अशा प्रिंट खूप आहेत, बरेचदा फ्रेमलाच जास्त पैसे येतात. म्हणून फ्रेमवरून ओलं फडकं फिरवू नका, पाण्यावर बसवलेला सोन्याचा वर्ख एका पुसण्यात निघतो.

आणि ते तपकिरी डाग. ब्रेडचा उपाय मीही वाचलाय, ब्रेडचे कण आणि तेलकटपणा कागदात राहतो आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. ब्लीच तर नकोच नको. डाग राहू द्या. मागे लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या असतील तर त्या आणि जुना पुठ्ठा कागद जाळत असतात, तेवढं चांगल्या फ्रेमवाल्याकडून बदलून अॅसिड-फ्री बोर्ड घाला, काच कागदाला चिकटणार नाही असं सांगा, आणि उघडतानाचे फोटो काढायला लावा. लेबल फेकू देऊ नका, हे लोक सर्रास फेकतात.

गालाचा भिंगातून एक फोटो आणि मागच्या लेबलचा एक, दोन्ही इथे टाका. रविवारी सकाळी बसून बघतो.