हो म्हणल्यावर काय म्हणायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी जालना जिल्ह्यात अंबडकडं एका शेतकरी उत्पादक कंपनीत ऑफिसचं काम बघते, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालंय. आमचा मोसंबीचा माल बंगलोरच्या एका पार्टीला जातो आणि त्यांचे सगळे मेल इंग्रजीत असतात. सप्टेंबरात सलग पाऊस लागला, वावरात वापसा नव्हता, गाडी आत जाईना, म्हणून मी त्यांना माल चार दिवस उशिरा म्हणजे गुरुवारी दिला तर चालेल का असं विचारलं. त्यांनी लगेच हॅपी टू वेट असं लिहून पाठवलं. मी उत्तरात 'नोटेड, थँक यू फॉर युवर कोऑपरेशन' लिहिलं. आमचे साहेब म्हणले हे बस स्टँडवरच्या पाटीसारखं वाटतं. मग काय लिहायला पाहिजे होतं? आणि समोरचा खुशीनं हो म्हणला हे आपल्याला कळालं, ते कसं सांगायचं?

उत्तर : तुझ्या साहेबांचं बरोबर आहे, पण त्यांनी कारणही सांगायला पाहिजे होतं. कोऑपरेशन हा शब्द इंग्रजीत जास्त करून तिथं येतो जिथं समोरच्याला पर्यायच नसतो, लाइन लावा, फोन बंद ठेवा, रस्त्याचं काम चालू आहे, आणि खाली थँक यू फॉर युवर कोऑपरेशन. तुझ्या पार्टीला तर पर्याय होता, ते नाही म्हणू शकले असते, दुसरीकडून माल उचलू शकले असते, तरी ते थांबले. आणि नोटेड म्हणजे फक्त वाचलं, नोंद घेतली. त्यांनी मोठं मन दाखवलं आणि आपण पोच दिली असं झालं ते.

मी परभणीकडची. आमच्याकडं पेरणीच्या दिवसांत सावडीनं काम चालायचं, आज तुमचे बैल आमच्या वावरात, उद्या आमचे तुमच्या. थँक यू तर सोडाच, आभार हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. पण म्हणून कुणी गप्प बसत नव्हतं. शेजारच्यांनी बैल द्यायला हो म्हणलं की माझे वडील म्हणायचे, तुम्ही हो म्हणले म्हणून माझी वाफ साधली बघा, म्हणजे पेरणीजोगी ओल हातची गेली नाही. बस एवढंच. पण त्यात सगळं आलं ना, तुम्ही काय दिलं तेही आलं आणि त्यानं माझं काय झालं तेही आलं. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मला अजून हेच वाटतं की चांगल्या इंग्रजी मेलमध्येही हेच दोन धागे लागतात, बाकीचे शब्द इकडं तिकडं झाले तरी चालतात.

म्हणून तुझं वाक्य असं कर : 'थँक यू फॉर अ‍ॅग्रीइंग टू वेट टिल थर्सडे. द फील्ड्स आर स्टिल वेट, अँड दीज फोर डेज विल लेट अस पिक द फ्रूट ड्राय.' म्हणजे गुरुवारपर्यंत थांबायला हो म्हणलात, वावर अजून ओलं आहे, या चार दिवसांमुळं फळ कोरडं तोडता येईल. गुरुवार लिहिलास की काय ठरलं त्याची लेखी खूणही राहते, उद्या कुणी तारखेवरून वाद घालायला नको.

आता बारकावे, कारण चुका इथंच होतात. फॉरनंतर अ‍ॅग्री नाही, अ‍ॅग्रीइंग. अ‍ॅग्री टू आणि अ‍ॅग्री विथ हे दोन वेगळे आहेत, विथ म्हणजे आपलं मत जुळलं, टू म्हणजे तुमचं म्हणणं मान्य केलं, करायला तयार झालो. तुझी पार्टी तुझ्या मताशी सहमत नव्हती गं, ती थांबायला तयार झाली, म्हणून तिथं टू. आमंत्रण किंवा ऑफर असेल तर अ‍ॅक्सेप्ट बसतो. कन्सेंट शक्यतो लिहू नको, तो ऑपरेशनच्या फॉर्मवरचा आणि कोर्टातला शब्द आहे. आणि 'आय अ‍ॅम ग्लॅड यू अ‍ॅग्रीड' असंही नको, म्हणजे भांडण झालं होतं आणि शेवटी तुम्ही आमचंच ऐकलं असा त्याचा सूर लागतो.

खुशीचं विचारलंस ते मला फार आवडलं. आपल्याकडं खरेदीखत लिहितात त्यात राजीखुशीनं लिहून देतो असं असतं, कुणाचा दबाव नाही असंही असतं. राजी अरबीतून आलेला आणि खुशी फारसीतून. हे शब्द मराठीत जुनेच आहेत, पण १९४८ पर्यंत आपल्याकडं निजामाचं राज्य आणि कचेरीचा कारभार उर्दूत, त्यामुळं आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते फार मुरले. आणि बघ, लिहिणाऱ्यांना माहीत होतं की राजी वेगळं आणि राजीखुशी वेगळं. नुसता राजी तर माणूस नाइलाजानंही होतो. इंग्रजीतला अ‍ॅग्री हा जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचा ग्रातुस आहे, म्हणजे मनाला आवडणारं, आणि ग्रेटफुलचं मूळही तेच. म्हणजे हो म्हणणारा आणि उपकार मानणारा, दोघांचे शब्द एकाच घरातले.

पण थँक यू फॉर हॅपिली अ‍ॅग्रीइंग असं लिहायचं नाही. तो खुश होता की नव्हता हे आपण कोण ठरवणार. त्याच्या वागण्यातलं जे दिसलं ते सांगायचं. त्यांनी लगेच हो म्हणलं ना, मग 'इट वॉज काइंड ऑफ यू टू से येस सो क्विकली' असं लिही, त्यात त्यांची खुशी आपोआप येते. रोजचं ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर 'थँक्स फॉर बीइंग सो फ्लेक्सिबल' एवढंही भरपूर झालं. आणि कुणी कुरकुर करत हो म्हणला तर त्याची अडचण आधी मानायची : 'आय नो धिस इज नॉट ईझी फॉर यू, सो थँक यू.' तिथं गोड गोड लिहिलं की त्याला जास्तच लागतं.

'मच ओब्लाइज्ड' हे आता जुनं वाटतं, पण चूक नाही. त्याच्या मुळात बांधणं आहे, तुमच्या उपकारात बांधला गेलो, आपल्या ऋणी असण्याच्या जवळचं. वयस्कर माणसाला लिहिताना मला ते अजून आवडतं.

प्रश्न : मी लातूरला शिकते. माझ्या सरांनी बाहेरच्या विद्यापीठासाठी रेकमेंडेशन लेटर द्यायला हो म्हणलंय. मी विनंतीच्या मेलमध्येच थँक यू इन अ‍ॅडव्हान्स लिहिलं होतं, मैत्रीण म्हणायली की ते चुकलं. आता परत आभार मानायचे का?

उत्तर : मानायचेच. आधीच थँक यू म्हणलं की हो म्हणायची जागा आपण बळकावतो, समोरच्याला वाटतं की हिनं धरूनच ठेवलंय. सर आपले आहेत, त्यांनी मनावर घेतलं नसेल, पण पुढच्या वेळी विनंतीत 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड' असं लिही आणि आभार त्यांच्या होकारानंतर. आता लिही : 'थँक यू, सर, फॉर अ‍ॅग्रीइंग टू राइट माय रेकमेंडेशन लेटर. आय नो यू हॅव एक्झाम पेपर्स टू चेक.' पेपर तपासायचे दिवस असतील तरच हं दुसरं वाक्य. खाली शेवटची तारीख, कुठं अपलोड करायचं ते आणि तुझे मार्क. सर एकदाच म्हण, रिस्पेक्टेड सर आणि युवर गुड सेल्फ दोन्ही काढून टाक, मान तुझ्या नीट लिहिलेल्या माहितीत दिसतो.

प्रश्न : नांदेडला गुरुद्वाराजवळ लॉज आहे. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंडकडूनही मंडळी येतात. कधी म्हातारी माणसं आली की आधीच्या पाहुण्यांना खालची खोली सोडून वर जाता का असं विचारावं लागतं, बहुतेक लोक लगेच तयार होतात. तोंडानं पटकन काय म्हणावं?

उत्तर : 'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू' म्हणा आणि त्यालाच जोडून 'द ओल्ड लेडी कान्ट क्लाइंब स्टेअर्स' असं सांगा, म्हणजे आपण कुणासाठी खोली सोडली ते त्यांना कळतं. थँक्स फॉर अंडरस्टँडिंग मात्र ते हो म्हणायच्या आत म्हणू नका, त्याचा अर्थ ठरलंय, आता समजून घ्या असा होतो. सामान वर न्यायला पोरगं लगेच पाठवा. आणि तुमच्या मदतीबद्दल तेच थँक यू म्हणले तर मेन्शन नॉट नको, बाहेरच्या माणसाला ते अर्धवट वाटतं, 'माय प्लेझर' म्हणा.