मांडीवरचा चट्टा एक्झिमाचा की नायट्याचा, हे इंटर्नने कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलेला पेशंट, म्हणजे जांघेत आणि कमरेवर कित्येक महिने चट्टे, मलम लावलं की खाज थांबते, सोडलं की दुप्पट, हा त्वचेच्या ओपीडीत रोजचाच. एक सर एक्झिमा म्हणतात, दुसरे नायटा, मग कोणाचं ऐकू, असं विचारलंय. कोणाचंच नको. नायटा म्हणजे बुरशी, आणि ती मायक्रोस्कोपखाली दिसते. स्लाइड बघा.

त्याआधी पिशवीतली ट्यूब बघा. 'कुठलं मलम?' विचारलं की 'साधंच, मेडिकलमधून आणलेलं' एवढंच उत्तर येतं. ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासोल नाहीतर बेटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड, जोडीला एखादं अँटीफंगल, एखादं अँटिबायोटिक. याने लाली आणि खवले जातात, कड पुसट होते, बुरशी मात्र खुशाल पसरत राहते. एका गोलात दुसरा गोल दिसला किंवा जांघेत ताणाचे पट्टे उमटले असले, तर पेशंट काहीही सांगो, स्टेरॉइड लागलेलं असण्याची दाट शक्यता आहे. 2018 साली ही स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत आली. काउंटरवर काय बदललं, ते पेशंटलाच विचारा.

आता केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात खवले ठेवून बुरशी शोधायची तपासणी. चट्टा स्पिरिटने पुसून वाळू द्या, नाहीतर मलमाचेच थेंब स्लाइडवर दिसतात. 15 नंबरचं ब्लेड आडवं धरून सरकत्या कडेवरून खरवडा; मधल्या बऱ्या झालेल्या भागात फारसं काही मिळत नाही. खवले हवेत, रक्त नको. 10 टक्के केओएचचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, 15-20 मिनिटं थांबा. (नखाला 20 टक्के आणि बराच जास्त वेळ.) घाईत ज्योतीवर उकळलंत तर स्फटिक जमतात आणि सगळा गोंधळ होतो. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (स्लाइडखालचं भिंग) खाली घ्या, उजेड कमी करा. लख्ख प्रकाशात हायफा (बुरशीचे धागे) दिसतच नाहीत. 10 च्या लेन्सखाली शोधा, 40 वर खात्री करा. खरा हायफा पेशींच्या सीमा ओलांडून जातो, जाडी सारखी, मध्ये आडवे पडदे, फांद्या फुटलेल्या. पेशींच्या कडेकडेने वळणारी जाळी म्हणजे बुरशी नव्हे, नवशिके तिलाच पॉझिटिव्ह म्हणतात. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात उलट हायफांची रेलचेल असते.

'एवढ्या गर्दीत केओएच कोण करत बसणार, आठवडाभर स्टेरॉइड लावून बघू' हे मी रेसिडेन्सीभर ऐकलं आणि तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. स्लाइड टेबलावर पडून असते, तेवढ्यात तुमचे चार पेशंट होतात. वेळ खातं ते 'लावून बघू'. एक्झिमा समजून स्टेरॉइड दिलं की पुढच्या खेपेला चट्टा ओळखू येत नाही आणि घरातली आणखी दोघं खाजवत येतात.

हो, निगेटिव्ह आलं म्हणून नायटा नाहीच, असं नाही. नुकतंच अँटीफंगल लावलं असेल तर दोन-तीन वेगळ्या जागांवरून पुन्हा खरवडा.

आणि चट्टा खाजतच नसेल, फिका आणि कोरडा असेल, तर कुष्ठाचा विचार करा आणि आधी कापसाची वात घ्या. डोळे उघडे असताना एकदा दाखवा, मग मिटायला सांगा आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला लावा. वात टेकवायची, फिरवायची नाही. कोपरामागची अल्नर आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची पेरोनियल नस चाचपा. चेहऱ्यावरच्या कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, तेव्हा तिथे कापसावर विसंबू नका.

फोटोवरून चट्टा ओळखणाऱ्या ॲपबद्दल विचारलंत, पण फोटोला ना स्पर्श कळतो ना ट्यूब वाचता येते.

बायोप्सी पाठवायची वेळ आलीच तर फॉर्मवर पीएएस (बुरशी दाखवणारा रंग) मागा आणि कुठलं मलम किती दिवस लावलं तेही लिहा. नुसतं 'रॅश, कारण?' लिहिलं तर पॅथॉलॉजीवाले 'नॉन-स्पेसिफिक' लिहून परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.