परकोटापर्यंत गाडी, आत पायी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगर भागात राहतो. डिसेंबरच्या अखेरीस माझा धाकटा भाऊ पुण्याहून सहकुटुंब येणार आहे. ताडोब्याला जाताना चंद्रपूर आम्ही अनेकदा ओलांडले, पण शहर म्हणून ते कधी पाहिलेच नाही. भाची इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने या वेळी तिला गोंडराजांची राजधानी दाखवावी, असे मनात आहे. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई धरून आम्ही सहा जण आहोत, त्यामुळे घरची गाडी पुरणार नाही. गाडी चालकासह घ्यावी की भाऊ चालवील अशी नुसतीच भाड्याने घ्यावी? हिशेब कसा धरावा आणि किती दिवस ठेवावे? मागे एकदा आमच्या अनामत रकमेतून न विचारता पैसे कापले गेले होते, म्हणून मन धजत नाही.
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : आपण चंद्रपूरची निवड केली, याचा मनापासून आनंद वाटला. नागपूरहून रस्त्याने जेमतेम दीडशे किलोमीटरवर परकोट, वेशी आणि राजांच्या समाध्या असलेले एक राजधानीचे शहर उभे आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्याला वळसा घालून जंगलाकडे निघून जातात, याची खंत मला फार दिवसांपासून आहे.

सहलीला दोन दिवस पुरतात. प्रथम गाडीविषयी. आपल्या बाबतीत चालकासह गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरहून बुटीबोरी आणि जाम चौरस्त्यापर्यंतचा महामार्ग सोपा आहे. पण जामहून वरोऱ्याकडे वळल्यावर, आणि विशेषतः वरोरा ते चंद्रपूर या टप्प्यात, कोळसा वाहून नेणाऱ्या ट्रकांची वर्दळ असते, आणि अंधार पडल्यावर या रस्त्याची सवय नसलेल्या माणसाला तिथे गाडी चालवणे थकवणारे ठरते. आपल्या बंधूंनी सहलीचे दोन्ही दिवस स्टिअरिंगवर घालवावेत आणि भाचीने दाखवलेले शिल्प त्यांनी पार्किंगच्या काळजीत पाहावे, हे मला योग्य वाटत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. सात आसनी गाडीत चालक आणि आपण सहा जण बसल्यावर एकही जागा उरत नाही, आणि मागची तिसरी रांग उघडी ठेवली की सामानाला जवळजवळ वाव राहत नाही. म्हणून टपावर कॅरिअर असलेली गाडीच मागावी आणि सासूबाईंना मधल्या रांगेत दाराजवळ बसवावे, कारण मागच्या रांगेत चढणे-उतरणे गुडघ्यांना त्रासाचे असते.

हिशेबाच्या बाबतीत लोकांची फसगत होते ती दराच्या आकड्यामुळे क्वचितच होते. ती होते दर कशावर लावला जातो हे न विचारल्यामुळे. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, आणि हा आकडा बहुधा २५० किंवा ३०० असतो. गाडी त्याहून कमी चालली तरी पैसे तेवढ्याचेच द्यावे लागतात. शिवाय दिवस म्हणजे अनेकांच्या लेखी कॅलेंडरचा दिवस, मध्यरात्री ते मध्यरात्री. रात्री दहाला निघून आपण दोन तास वाचवले असे समजावे, तर प्रत्यक्षात एका अख्ख्या दिवसाचे भाडे वाढलेले असते. किलोमीटर आपल्या दारापासून मोजत नाहीत, गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, हेही ध्यानात ठेवावे. आता आपला प्रवास पाहू. जाऊन येऊन तीनशे किलोमीटर, वाटेत भद्रावतीचा फेरा, बल्लारपूरला जाऊन येण्याचे तीस-पस्तीस आणि शहरातले थोडे, असे सर्व मिळून ते चारशेच्या आत बसते. म्हणजे दिवसाला ३०० किलोमीटरच्या अटीने दोन दिवसांची गाडी घेतली, तर आपण न चाललेल्या दोनशेहून अधिक किलोमीटरचे पैसे भराल, आणि २५० च्या अटीत हा तोटा शंभरने कमी होईल. प्रतिकिलोमीटर दर एखाद-दुसऱ्या रुपयाने अधिक असला तरी किमान अंतर कमी असलेली गाडी इथे स्वस्त पडू शकते. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि रात्री उशिरापर्यंत गाडी चालवल्यास लागणारा रात्रीचा आकार हे धरलेले आहेत की वेगळे, हे व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्यावे. चालकाच्या झोपण्याची सोय कोण करणार हेही आधी ठरवावे. ज्याच्या हाती आपली माणसे सोपवायची, त्याने रात्र गाडीत अवघडून काढू नये.

अनामत रकमेचा प्रश्न चालकासह गाडीत सहसा येत नाही. तरी पुढे कधी स्वतः चालवण्यासाठी गाडी घेतलीत, तर ताबा घेताना मालकाच्या माणसासमोर गाडीभोवती फिरून सलग चित्रीकरण करावे. त्यात प्रत्येक ओरखडा, चारही टायर, स्टेपनी, काच, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा दिसला पाहिजे. परत देताना पुन्हा तसेच करावे. अपघातात विमा असूनही आपल्याला किती रक्कम सोसावी लागेल, हा आकडा करारात शोधावा आणि सापडला नाही तर विचारून लिहून घ्यावा. फास्टॅग मालकाच्या खात्याशी जोडलेला असल्याने टोलची वसुली कशी होणार, आणि वेगमर्यादेचे ई-चलान नंतर आले तर ते दिनांक व वेळेसह दाखवूनच रक्कम कापली जाईल का, हे दोन प्रश्न विचारले की बरेच वाद मुळातच टळतात.

आता शहराकडे. पहाटे सहाला नागपूर सोडल्यास भद्रावतीला सकाळच्या उन्हात पोहोचता येते, आणि ते जातानाच पाहावे, परतीवर ठेवू नये. भांदक या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या गावात विजासन टेकडीत बौद्ध लेणी खोदलेली आहेत. मुख्य लेण्यात डोंगराच्या पोटात सरळ शिरणारी वाट आणि तिच्या टोकाशी बुद्धमूर्ती अशी रचना आहे. टॉर्च जवळ ठेवावा. गावात भद्रनागाचे देऊळ आहे, जैनांचे मोठे तीर्थ असलेले पार्श्वनाथ मंदिर आहे, आणि एकाच गावात बौद्ध, जैन व हिंदू या तिन्ही परंपरा नांदताना पाहणे आपल्या भाचीला वर्गातल्या पुष्कळ तासांपेक्षा अधिक देऊन जाईल. वाटेतले वरोऱ्याचे आनंदवन मात्र याच दिवसात कोंबू नये. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.

चंद्रपुरात शिरल्यावर गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी आणि चालकाला विश्रांती द्यावी. ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. परकोटाच्या आतले रस्ते जुन्या वस्तीचे आणि अरुंद आहेत, जटपुरा वेशीपाशी वाहनांची कोंडी नेहमीची आहे, आणि मुख्य म्हणजे गाडीच्या काचेतून हे शहर दिसतच नाही. सासूबाईंसाठी ऑटो करावा, बाकीच्यांनी चालावे.

इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या राजधानीचा संबंध परंपरेने खांडक्या बल्लाळशहा या गोंडराजाशी जोडतात. झरपटेच्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली, तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, आणि पुढे शिकारीत एका सशाने उलट राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग केला, त्या धावेच्या मार्गावर राणीच्या सल्ल्याने कोट बांधला गेला, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. कोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशा चार वेशी आहेत, आणि बगड, हनुमान, विठोबा अशी नावे असलेल्या लहान वाटा, ज्यांना इथे खिडक्या म्हणतात. वेशींवर हत्तीला दाबून धरणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. ते प्रत्येक वेशीवर शोधायला मुलांना सांगावे. कोटावर झाडेझुडपे माजून तो दिसेनासा झाला होता, तेव्हा इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये तो साफ करण्याचे काम हाती घेतले आणि दिवसामागून दिवस श्रमदान केले. आज आपल्याला बुरूज मोकळे दिसतात ते त्यांच्या घामामुळे, म्हणून तिथे कचऱ्याचा एक कपटाही टाकू नये.

अंचलेश्वर वेशीजवळ अंचलेश्वराचे देऊळ आणि गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवली. पतीच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभार सांभाळणारी ही राणी, महाकालीचे मंदिरही तिनेच नव्याने उभारले असे मानतात, आणि तरी महाराष्ट्रातल्या कर्तबगार स्त्रियांची नावे घेताना तिचे नाव क्वचित निघते. या समाध्यांपाशी तासभर तरी द्यावा. १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या काळात हे राज्य भोसल्यांच्या ताब्यात गेले, तेव्हा नागपूरच्या वाचकाला हा आपल्याच इतिहासाचा दुसरा भाग वाटायला हवा. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना याच शहरातल्या कारागृहात २१ ऑक्टोबर रोजी फाशी देण्यात आली. आणि नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरलाही दीक्षा सोहळा केला. तीही दीक्षाभूमी अवश्य पाहावी.

लालपेठ-बाबूपेठ भागातल्या अखंड दगडातल्या अवाढव्य मूर्ती सहसा चुकतात. दशमुखी दुर्गेची आडवी पडलेली प्रचंड मूर्ती, शिवलिंग, नंदी हे सारे एका न झालेल्या देवळासाठी घडवले गेले आणि जिथल्या तिथेच राहिले, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी या मूर्ती पाहाव्यात, मग वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला पाहावा. चंद्रपूरच्या आधी राजधानी तिथे होती. दुपारी निघून अंधाराच्या आत नागपूर गाठावे. वैनगंगेकाठची मार्कंडा येथील मंदिरे पाहायची असतील, तर तिसरा दिवस वाढवावा, कारण ती गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ आहेत. तिकडे जाणारा मूल गावाकडचा रस्ता जंगलातून जातो. तिन्हीसांजेनंतर त्या रस्त्याने जाऊ नये, वन्यप्राणी आडवे येतात. डिसेंबर हा योग्य महिना आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यापर्यंतचे भाविक येत असल्याने शहरात मुक्कामाची जागा मिळणे कठीण होते.

प्रश्न : ओळखीतले एक गृहस्थ त्यांची खासगी गाडी, चालक न देता, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत तीन दिवसांसाठी द्यायला तयार आहेत. घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पैसे देऊन घेणार असाल, तर घेऊ नये. गाडीच्या क्रमांकाची पाटी पाहिली की उलगडा होतो. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याने चालणारे. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची परवानगी असलेले वाहन. ही तिसरी व्यवस्था १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेखाली चालते. खासगी गाडीच्या विमा करारात ती भाड्याने वापरू नये ही अट असते, आणि अपघातानंतर भाड्याचा व्यवहार उघड झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. तेव्हा वाचवलेले दोन-तीन हजार रुपये आणि ती ओळख, दोन्ही हातची जातात. कोणतीही गाडी घेण्याआधी तिचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकून वाहनाचा प्रकार, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या मुदती स्वतः पाहाव्यात. आपला परवाना डिजीलॉकरमधून दाखवलेला चालतो.

प्रश्न : नागपूरची स्थापना करणाऱ्या बख्त बुलंदशहाचे देवगड पाहायचे आहे. भाड्याची गाडी मध्य प्रदेशात नेता येते का?
— एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : नेता येते. देवगड छिंदवाडा जिल्ह्यात आहे आणि सावनेर-सौंसर मार्गे एका दिवसात जाऊन येता येते. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, एवढे ठरवतानाच विचारावे. तो नसेल, तर तात्पुरता परवाना आणि दुसऱ्या राज्याचा कर कोण भरणार हे आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर सीमेवर तो भुर्दंड प्रवाशाच्या माथी येतो. स्वतः चालवण्याची गाडी असेल, तर राज्याबाहेर नेण्यास करारात मनाई नाही ना, हेही वाचावे. किल्ल्याची चढण पायीच चढायची आहे, म्हणून गुडघे दुखत असतील तर काठी, पाणी आणि सोबतीला एक तरुण माणूस घेऊन सकाळी लवकर निघावे.