सराईवाला खोटं बोलतोय, पण फासा कुणी टाकायचा?

प्र. आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून गोष्ट रंगवायच्या) खेळात एनपीसीने, म्हणजे कुणा खेळाडूचं नसलेल्या पात्राने, तोंड उघडलं की चौघेही खेळाडू ‘इनसाइट टाकतो’ (खोटं ओळखायचा फासा) म्हणतात. एकाला तरी कळतंच. गुपित टिकवायचं कसं?

उ. हिशेबच तसा आहे. सराईवाल्यासाठी 2014च्या नियमांतला ‘स्पाय’ (हेर) घ्या. त्याचं डिसेप्शन (थाप मारण्याचं कौशल्य) +5, म्हणजे डीसी, वीस बाजूंच्या फाशात बोनस मिळवून खेळाडूंनी गाठायचा आकडा, धरा 15. तिसऱ्या लेव्हलचा, विज्डम (शहाणपण) 16 असलेला आणि इनसाइट येणारा क्लेरिक (देवाच्या नावाने मंत्र टाकणारं पात्र) +5 वर खेळतो, त्याला 55 टक्के संधी. बाकी तिघांना बोनस शून्य असला तरी प्रत्येकी 30 टक्के आहेतच. चौघांनी टाकलं की कुणाला तरी कळण्याची शक्यता 85 टक्क्यांवर जाते.

म्हणून फासा तुम्हीच, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमनेच, टाका, पडद्याआड, एकदाच. चौघांची पासिव्ह इनसाइट (फासा न टाकता धरायचा आकडा, 10 अधिक बोनस) आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवा. या क्लेरिकची 15 येते. स्पायचं डिसेप्शन 15च्या वर गेलं तर थाप पचली. शक्यता बरोबर निम्मी. ‘इनसाइट टाका’ असं डीएमनेच म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक; तिथेच भांडं फुटतं.

निकाल सांगतानाही जपून. पकडलं तरी ‘तो खोटं बोलतोय’ म्हणू नका. ‘उत्तरेच्या वेशीचं नाव घेताना सराईवाल्याने पुसून झालेला पेला पुन्हा पुसायला घेतला,’ एवढंच सांगा. नाही पकडलं तर ‘तुला काही वावगं जाणवलं नाही.’ इथे ‘तो खरं बोलतोय’ म्हणालात तर थाप सराईवाल्याची राहत नाही, तुमची होते, आणि पुढे तुमच्या वर्णनावरही कुणी भरवसा ठेवत नाही.

फाशाशिवाय सापडतील असे दोन-तीन पुरावेही पेरून ठेवा. काफिला गेला म्हणतो, मग काफिल्याचं डागलेलं खेचर याच्या तबेल्यात काय करतंय? स्वयंपाकीण मुक्कामाची वेगळीच रात्र सांगते. असं काही नसेल तर सगळा भार एका फाशावर येतो आणि तो चुकला की कथा अडते.

प्र. क्लेरिकने ‘झोन ऑफ ट्रुथ’ (खोटं बोलू न देणारा मंत्र) टाकला तर?

उ. टाकू द्या. 15 फूट त्रिज्या, 10 मिनिटं. आत असलेल्याला दर टर्नला करिश्मा सेव्ह (मंत्रातून वाचायचा फासा) करावा लागतो, त्यामुळे आज ना उद्या तो फसतोच, आणि फसला हे क्लेरिकला कळतंही. पण फसलेल्यावर बंदी फक्त जाणूनबुजून खोटं बोलण्याची. गप्प बसायला मनाई नाही, उत्तर टाळायलाही नाही. सेशनआधी त्याची तीन खरी वाक्यं लिहून ठेवा. ‘काफिला कुणी लुटला?’ याला उत्तर: ‘त्या रात्री मी सराईचा उंबरासुद्धा ओलांडला नाही, महाराज.’ खरंच आहे ते. काफिल्याची वाट लुटारूंना विकली होती ती आदल्या दिवशी. आता नेमका प्रश्न शोधणं हे खेळाडूंचं काम, आणि खरी गंमत त्यातच आहे.

प्र. दोनदा फसल्यापासून आमचे खेळाडू प्रत्येक एनपीसीला आधी बांधूनच ठेवतात!

उ. थापाड्यांचं प्रमाण जास्त झालंय. पुढची चार-पाच माणसं सरळ, कामाला येणारी ठेवा: वेळेवर औषध देणारा वैदू, उधारी न विसरणारा पण दगाही न देणारा लोहार. आणि लबाडालाही काही कबूल केलेलं पाळू द्या. तोवर दोर महाग करा.