धर्मांध जमावानं हल्ला केला तर ख्रिस्ती माणसानं क्षमा करायची की तक्रार?

तुम्ही लिहिलंय की गावातली प्रार्थनासभा जमावानं उधळली, पाळकांना धक्काबुक्की झाली. आता मंडळीतले वडीलधारे म्हणतात, 'क्षमा करा, पोलिसात जाऊ नका', आणि तरुण म्हणतात, 'एकदा हात दाखवू'. ख्रिस्ताला धरून यातलं कुठलं, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर असं: क्षमाही करा आणि तक्रारही द्या. हात मात्र उचलू नका.

हे बोलायला सोपं आहे, म्हणून ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडेच बघू या. ग्रॅहम स्टेन्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९६५ साली ते ओडिशात बारीपद्याला आले आणि तिथल्या कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावात ते दहा वर्षांच्या फिलिप आणि सहा वर्षांच्या टिमथीला घेऊन गाडीत झोपले होते. जमावानं गाडी पेटवून दिली. गावकऱ्यांना जवळही येऊ दिलं नाही. बापलेक तिघंही गेले.

पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. प्रवचनांत आपण एवढंच ऐकतो, आणि तुमच्या वडीलधाऱ्यांनीही बहुधा एवढंच ऐकलंय. पण त्यांनी 'खटला मागे घ्या' असं कधी म्हटलं नाही. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचा परिणाम वेगळा, त्यांची गल्लत करू नका, अशी त्यांची स्वच्छ भूमिका होती. खटला चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्या निकालपत्रात स्टेन्स यांना त्यांच्या धार्मिक कामाबद्दल धडा शिकवण्याचा आरोपींचा हेतू होता, अशा अर्थाचा शेरा होता. संपादकांनी, नागरिकांनी जाहीर आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच न्यायालयानं तो काढून टाकला. शांतपणे, सभ्य शब्दांत बोललेलंही ऐकलं जातं.

आणि बाई लगेच देश सोडून गेल्या नाहीत. २००४ पर्यंत बारीपद्यातच राहून त्यांनी कुष्ठरोग्यांचं काम चालवलं. पुढे २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला मोठी वाटते ती मधली पाच वर्षं. नवरा आणि दोन मुलं पुरलेल्या गावात रोज सकाळी उठून रुग्णांच्या जखमांची मलमपट्टी बघायची! साक्ष म्हणतात ती हीच. जमावाला हवं असतं की तुम्ही पळून जावं, नाहीतर त्याच्यासारखं व्हावं.

तक्रार देणं म्हणजे विश्वास कमी, असं वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर त्यांच्यासोबत बायबलातलं 'प्रेषितांची कृत्यं' हे पुस्तक वाचा. फटके मारायला बांधलं तेव्हा प्रेषित पौलानं आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, आणि नंतर थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागितली. महायाजकासमोर शिपायानं थोबाडीत मारल्यावर प्रभूनंही 'मला का मारतोस?' असं विचारलं. सूड स्वतः घेऊ नका हे रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात आहे आणि अन्यायाला शिक्षा देणं हे अधिकाऱ्याचं काम आहे हे लगेच १३ व्यात आहे. आपण एक वाचून पुस्तक मिटतो.

तरुणांना काय सांगाल? आमच्या मंडळीच्या ग्रुपवर असाच एका तोडफोडीचा व्हिडिओ आला होता. खाली एका समाजाला शिव्या सुरू झाल्या. तेव्हा एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारलं, 'कुणाला लागलंय का? गाव कुठलं?' कुणालाच माहीत नव्हतं. इतका राग, आणि मार खाल्लेल्याची चौकशी कुणी केली नव्हती. तुमच्या पोरांना आधी पाळकांच्या घरी पाठवा. औषधपाणी, छपराची डागडुजी, मुलांची शाळा, भरपूर काम आहे.

आणखी एक, जे आपल्याला बोचतं. धर्माच्या नावानं जुलूम आपल्या इतिहासातही झालाय. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं. शेजाऱ्यानं हे काढलं तर चिडू नका, सरळ कबूल करा. तसंच आज कुणी आमिष दाखवून किंवा दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून प्रचार करत असेल, तर त्याला मंडळीतच थांबवा. त्यानं हल्ल्याचं समर्थन होत नाही, पण आपली साक्ष मात्र मळते.

आता तुमच्यापुरतं. पाळकांची वैद्यकीय तपासणी करून कागद जपून ठेवा. तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. ज्यांना ओळखलं त्यांचीच नावं द्या, त्यांच्या अख्ख्या जातीधर्माचं नको. व्हिडिओ कापाकापी न करता ठेवा, गावभर पाठवू नका. येत्या रविवारी ठरलेल्या वेळी उपासना घ्या, आणि शेजारच्या दोन-चार हिंदू-मुसलमान घरांना आदल्या दिवशी जाऊन सांगा की या, बसा, आम्ही काय म्हणतो ते ऐका. प्रार्थनेत हल्लेखोरांची नावं घ्या, तीही मोठ्यानं.