रात्री शार्क गेला, की फक्त ऐकू आला नाही?

शार्कला लावलेला टॅग अधूनमधून आवाजाचे पिंग सोडतो; पाण्यातला रिसीव्हर ते ऐकून त्या टॅगचा नंबर नोंदवतो. हा रिसीव्हर कायमचा पाण्यात सोडायची घाई करू नका. आधी रेंज तपासा: शार्कला लावणार त्याच ताकदीचा एक टॅग रिसीव्हरपासून ५०, १००, २००, ३०० मीटरवर काही दिवस बांधून ठेवा आणि किती पिंग नोंदले गेले ते मोजा. कंपनीच्या कागदावरचा आकडा शांत पाण्यातला असतो. प्रवाळभित्तीजवळ तो खूप खाली येतो.

नवखे हमखास फसतात ते रात्रीच्या नोंदींत. अंधार पडला की पिस्तूल कोळंब्यांचा कडकडाट वाढतो, ६९ किलोहर्ट्झचे पिंग त्यात बुडतात आणि आलेखात शार्क रोज रात्री निघून गेल्यासारखा दिसतो. म्हणून एक टॅग जागेवर कायमचा बांधून ठेवा. त्याच्याही नोंदी रात्री घटल्या, तर दोष पाण्यातल्या आवाजाचा.

एका कोडला, म्हणजे टॅगचा नंबर सांगणाऱ्या पिंगांच्या मालिकेला, तीन-चार सेकंद लागतात. दोन टॅग एकदम बोलले तर दोन्ही वाया, कधी भलताच नंबर उमटतो. २४ तासांत एकदाच दिसलेला नंबर विश्लेषणात घेऊ नका.

रिसीव्हरच्या अंगाला इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा, टोकाचा हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) मात्र उघडा ठेवा; मग अंगाला चिकटलेले बार्नॅकल (कवचवाले छोटे जीव) टेपसकट सोलून निघतात. बॅटरी वर्षाला बदला, आणि डेटा उतरवताना घड्याळ किती सरकलंय ते लिहून ठेवायला विसरू नका. महिनोन्‌महिने एकाच रिसीव्हरवर दिवसरात्र वाजणारा टॅग? बहुधा गळून तळाशी पडलाय, नाहीतर मासा मेलाय.